पडलेल्याकडं बघू नये

आमच्याकडं फौजेतून परत आलेल्या प्रत्येकाला मेजर म्हणतात. तो शिपाई म्हणून निवृत्त झालेला असो की लंगरखान्यातला स्वयंपाकी म्हणून, पेन्शन घेऊन गावात आला की मेजर. हणमंत मेजर तसे हवालदार होते. चोवीस वर्षं नोकरी करून ते विट्यापासून सात किलोमीटरवरच्या आपल्या मळ्यात येऊन राहिले होते. विट्याच्या स्टँडसमोर माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं, तिथं त्यांची माझी गाठ पडली. मी तिशीच्या आतला, ते साठीला टेकलेले, आणि आमच्या दोघांत मास्तर मी होतो. मी त्यांना मोबाइलवरची गोळीबाराची गेम शिकवत होतो. हे वाचून कुणाला हसू आलं तर माझी हरकत नाही. मीही तेव्हा पुष्कळ हसलोय, आणि आता त्याची लाज वाटते.

पहिल्यांदा ते आले ते चार्जिंगची पिन सैल झाली म्हणून. "सेट बिघडलाय," म्हणाले. मोबाइलला ते शेवटपर्यंत सेटच म्हणत. दुकानात दुसरं कुणी नव्हतं आणि मी गेम खेळत बसलो होतो. पाच मिनिटं बसा म्हटलं आणि खेळ काही सोडला नाही. ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांना थोडक्यात सांगतो. शंभर जणांना विमानातून एका बेटावर सोडतात. हातात काही नसतं. घराघरांत शिरून बंदुका, गोळ्या, मलमपट्ट्या शोधायच्या आणि एकमेकांना मारायचं. बेटाभोवतीचं निळं वर्तुळ हळूहळू आवळत येतं, त्याच्या बाहेर राहील तो मरतो. सगळ्यांत शेवटी जी चौघांची टीम उरेल ती जिंकली. मी एका घराच्या गच्चीवर चढलो होतो. मेजर काउंटरवरून मान लांब करून बघत होते.

"ह्यो गडी मरणार," ते म्हणाले.

"का वो?"

"आभाळाम्होरं उभा राह्यलाय. लांबनं दिसंल."

तीन सेकंदांत मी मेलो. मेजरांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. पिनचं बघ म्हणाले.

दुकानात शिरण्याआधी ते पायरीवर थांबून मनगटावरचं घड्याळ बघत, मग चपला काढून भिंतीला समांतर लावत. त्या वाकड्या झाल्या तर बोलता बोलता उठून सरळ करून येत. चहा प्यायचा तर स्वतःच्या पिशवीतल्या स्टीलच्या पेल्यात. हातात कुणाचाही फोन असो, वाक्य संपलं की "ओव्हर" म्हणायची त्यांना फौजेतल्या वायरलेसवरची सवय होती. मी एकदा चेष्टेनं विचारलं, तर गंभीरपणे म्हणाले, "माझं झालं, आता तू बोल, आसं हाय ते. न्हाई म्हटलं तर समोरच्याला कळंल कसं?" आणि समोरचा बोलेपर्यंत ते खरोखरच वाट बघत. चंपाकाकी, म्हणजे त्यांच्या घरच्या, म्हणायच्या की भाजीत मीठ कमी आहे हे सांगतानासुद्धा ओव्हर म्हणतात.

एक दिवस त्यांनी विचारलं, "कोइमतूरला बसलेला माणूस आन इथं बसलेला माणूस, ह्यात संगट खेळू शकत्यात?"

"आवं मेजर, अमेरिकेतलाबी खेळतो."

"अमेरिकेत माझं कोण न्हाई. कोइमतूरला हाय."

तिकडं तामिळनाडूत, कोइमतूरला सूरज होता, त्यांचा एकुलता एक मुलगा. विट्याकडची माणसं गलाईच्या धंद्यात देशभर पांगलेली आहेत. जुनं सोनं वितळवायचं, तेजाबात उकळून शुद्ध करायचं, असं ते काम. सूरज तशाच एका दुकानात कामाला होता आणि बापाशी बोलत नव्हता. आईला फोन करायचा, दिवाळीला चार दिवस यायचा, जेवायचा, झोपायचा आणि जायचा. काकींच्या फोनच्या वेळी मेजर शेजारी बसून "जेवला का इचार" म्हणत, काकी विचारत आणि उत्तर काकींनाच मिळे.

हे कशामुळं झालं ते मला कुणी सांगायची गरज नव्हती, कारण मी तिथं होतो. फौजेच्या भरतीसाठी मीही गेलो होतो. माझी छाती फुगवूनसुद्धा कमी भरली आणि मी दोरीबाहेर येऊन उभा राहिलो होतो. सोळाशे मीटरच्या धावण्यात सूरज पहिल्या पाचात होता. चौथ्या फेरीत, शेवट दिसत असताना, कुणाच्या तरी पायात पाय अडकून तोंडावर आपटला. मेजर दोरीला लागून उभे होते, सोबत त्यांच्या पलटणीतले दोन जुने जोडीदार. पोरगा मातीतून मान वर करून बापाकडं बघत होता. मेजरांनी पाठ फिरवली आणि चालू लागले. थेट स्टँडवर गेले, मिळेल ती एसटी धरून घरी आले. सूरज गुडघे फुटलेल्या पायांनी संध्याकाळी एकटा आला आणि त्याच आठवड्यात एका गलाईवाल्याबरोबर कोइमतूरला निघून गेला. या गोष्टीला तेव्हा सहा वर्षं झाली होती.

मी मेजरांना गेममध्ये खातं काढून दिलं. सूरजही हीच गेम खेळतो हे त्यांना काकींच्या फोनवरून कळलं होतं, त्याला मैत्रीची विनंती पाठवली. चार दिवस उत्तर नाही. मेजर रोज दुपारी पायरीवर घड्याळ बघून आत यायचे आणि विचारायचे, "आलं का गा?" पाचव्या दिवशी आलं. रविवारी सूरजचं दुकान बंद असायचं. त्या रविवारी सकाळी अकरा वाजता मेजर माझ्या दुकानात स्टुलावर ताठ बसले, एका कानात वायर घातली, तिचं दुसरं टोक माझ्या कानात. टीममध्ये सूरज, त्याच्याच दुकानातला शिराळ्याचा दीपक, आणखी एक त्यांचा सोबती आणि हे. विमानातून उड्या पडल्या. पहिली दहा मिनिटं सूरज बापाशी अवाक्षर बोलला नाही. मग एकदम आवाज आला, "आबा, डावीकडं बघा."

मेजरांनी डावीकडं बघितलं. स्क्रीनमध्ये नव्हे, दुकानात. डावीकडं माझं कव्हरांचं कपाट होतं. स्वतः गोळी खाऊन मेले, पण त्या दिवशी मला स्टँडवरच्या हॉटेलातून जिलेबी आणून दिली. "डावीकडं बघा म्हणाला," एवढंच सांगत होते, दोनदा, तीनदा.

त्या लांबलचक, अर्ध्या तासाच्या खेळात मेजर दोन महिन्यांत भारी पडायला लागले. त्यांचं बोट हळू होतं, पण घाई लागतच नव्हती. ते गवतात आडवे पडून राहत. दुसरी पोरं बंदुका शोधायची, हे आधी मलमपट्ट्या शोधायचे. आणि टीममधला कुणी पडला की जातच. या खेळात गोळी लागलेला माणूस लगेच मरत नाही, काही वेळ रांगत असतो. तेवढ्यात कुणी जवळ जाऊन दहा सेकंद बसलं की तो उठतो. मेजर अर्धं मैदान सरपटत ओलांडून जायचे. दीपक त्यांना ॲम्ब्युलन्स म्हणायचा. सूरज काही म्हणायचा नाही, पण पडला की बापाला आपण कुठं आहोत ते नीट सांगायचा, आणि एकदा तर चेष्टेत शेवटी म्हणाला, "विहिरीमागं हाय, आबा. ओव्हर." तो आठवडाभर मेजरांच्या चालीत फरक पडला होता. स्टँडवरच्या लोकांना वाटलं, पेन्शन वाढली.

हे वर्षभर चाललं. मग कोइमतूरच्या शेठनं दुसरं दुकान काढलं, रविवारची सुट्टी गेली. सूरजला मोकळा वेळ उरला तो दुपारी दोनच्या सुमाराला, तेजाबात सोनं उकळत असतं तेव्हा बाजूला बसून राहावं लागतं तेवढा. दहा-बारा मिनिटं. त्यात अर्ध्या तासाचा खेळ बसेना. पोरांनी गेममधला दुसरा प्रकार धरला, आठ मिनिटांचा. बेट लहान, वर्तुळ धावत येतं, उतरल्या उतरल्या मारामारी. आणि मुख्य फरक असा की यात मेलेला माणूस थोड्या सेकंदांनी आभाळातून परत येतो. अट एकच, चौघांतला एक तरी जिवंत पाहिजे. म्हणजे सोबती पडला की त्याच्याकडं जायचं नाही. आपला जीव घेऊन पळायचं. आपण जगलो तर तो येतो, वाचवायला गेलो तर दोघं जातात आणि सगळं संपतं.

मेजर गवतात आडवे पडले. वर्तुळानं त्यांना तिथंच गाठलं. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी सूरज पडला आणि हे नेहमीप्रमाणं सरपटत निघाले. आठवड्यात एकही डाव जिंकला नाही. दीपक चिडचिड करायला लागला आणि शेवटी सूरजच म्हणाला, "आबा, ह्या खेळात पळायला लागतंय. जमत आसलं तर खेळा, न्हाईतर आमी दुसरा गडी घेतो. ह्या पोरांस्नीबी दिवसातनं येवढीच दहा मिनटं मिळत्यात."

फोन ठेवल्यावर मेजर मला म्हणाले, "सचिन, मला पळायला शिकीव."

मी शिकवलं. रोज सकाळी दहाला यायचे. गर्दी असेल तिथंच उतरायचं, पहिली हाताला लागेल ती बंदूक घ्यायची, घर धुंडाळत बसायचं नाही. वर्तुळाच्या पुढं राहायचं, मागं नाही. आडवं पडायचं तर अजिबातच नाही. अंगठ्यांना वेग यावा म्हणून ते काउंटरच्या काचेवर दोन्ही अंगठे एक-दो-एक तालात आपटायचे, ग्राहक बघत राहायचे. मी सांगेन ते एका जुन्या डायरीत मोठ्या अक्षरात लिहून काढायचे, आदेश लिहावेत तसं. 'थांबू नये.' 'झोपू नये.' मी त्यांना फार पिडलं. "आवं मेजर, ह्यो काय पोस्टवरचा पहारा हाय का? उठा की!" म्हणून ओरडायचो. साठीचा माणूस, पण चूक झाली की "सॉरी सर" म्हणायचा.

सगळं शिकले. एक सोडून. पडलेल्याला सोडून जाणं. मी मुद्दाम त्यांच्यासमोर पडायचो आणि पळा म्हणायचो. चार पावलं जायचे आणि वळायचे.

"मेजर, मी परत येतो वो आभाळातनं! तुमी जगला तर येतो!"

"कळतंय."

"मग?"

मेजरांनी फोन खाली ठेवला. कानातली वायर गुंडाळली. "पडलेल्याला सोडून जायाचं मला शिकवू नगंस, गड्या. ते मला येतंय. तू बघितलंयस." मी त्या दिवशी मैदानावर होतो हे त्यांना ठाऊक होतं, आणि ओळख झाल्यापासून त्यांनी एकदाही ते काढलं नव्हतं.  मी म्हटलं, "त्याला एकदा फोन करून सरळ सांगा की, चुकलं म्हणून."

"तीनदा लावला. त्यो 'हॅलो' म्हणतो आन माझा आवाजच फुटत न्हाई. मग हिच्या हातात देतो." जरा वेळानं म्हणाले, "खेळात तेवढं हुतं. पडला की जायाचं. बोलायला लागत न्हाई."

मला तेव्हाच कळायला हवं होतं. कळलंही होतं थोडंफार. पण मी मास्तर झालो होतो ना. मी म्हटलं, "मग त्यो दुसरा गडी घेणार. आठ मिनटंबी जातील."  त्यांनी डायरी उघडली आणि एकेक अक्षर दाबून लिहिलं, 'पडलेल्याकडं बघू नये.' खाली रेघ मारली.

नंतरच्या मंगळवारी दोन वाजता डाव लागला. मी शेजारी उभा होतो. सगळं भराभर झालं. चौथा गडी पडला, दीपक पडला, उरले बाप-लेक. वर्तुळ पाठीवर आलेलं. सूरज एका भिंतीआडून निघाला आणि कोसळला. मेजरांपासून पाच पावलांवर. "आबा, पळा! मागं बघू नका!" तो ओरडला. मेजरांचा अंगठा थांबला. मी त्यांच्या खांद्याला धरून हलवलं. मीच. "पळा, मेजर!"

ते पळाले. भिंती, ओढा, टेकडी. घामानं स्क्रीन ओली झालेली. काही सेकंदांत आभाळातून तिघं परत आले आणि शेवटच्या मिनिटात त्यांनी डाव मारला. मी टाळ्या वाजवल्या. आवाज स्पीकरवर टाकला होता, तिकडून पोरांचा नुसता गोंगाट येत होता. दीपक म्हणाला, "आबा, लय भारी! आज कसं काय सोडून पळाला वो सूरजला?"

सूरज हसला. खुशीत होता तो, वाईट हेतूनं बोलला असं मी आजही म्हणणार नाही. "आरं, पडलेल्याला सोडून जायात आमचं आबा पयल्यापासनं पटाईत हायत," तो म्हणाला. "मधीच कसं इसरलं हुतं काय म्हाईत."

पोरं हसली. तिघंही हसली.

"व्हय," मेजर म्हणाले. "ओव्हर."

तिकडं भट्टीकडं कुणी हाक मारली, आवाज बंद झाला. मेजर फोनकडं बघत बसले. मी चहा सांगितला, त्यांनी पेला काढलाच नाही. जाताना चपला पायात उलट्या घातल्या आणि तशाच घालून रस्ता ओलांडला. मी पायरीवर उभा राहून बघत होतो. हाक मारायला पाहिजे होती. मारली नाही.

दुसऱ्या दिवशी ते ठरल्या वेळेला आले. डाव लागला, पुन्हा हे दोघंच उरले आणि सूरज पडला. मेजर वळले आणि सरळ त्याच्याकडं चालत गेले. सरपटतसुद्धा नाही, उभेच्या उभे. जवळ जाऊन बसले. दोघंही गेले, टीम गेली.

"आबा, काल जमलं हुतं की!"

"काल चुकलं," मेजर म्हणाले.

"म्हंजे?"

मला वाटलं, आता बोलतील. ओठ हलत होते. मी दुकानाचा दरवाजा लोटून घेतला, रस्त्याचा आवाज येऊ नये म्हणून. पण ते काही बोलले नाहीत, आणि तिकडं दीपक काहीतरी पुटपुटला. पुढचे तीन दिवस असंच झालं. पडला की हे चालत जायचे. शनिवारी सूरज थकल्या आवाजात म्हणाला, "आबा, उद्यापासनं नगं. तासगावचा एक जण हाय, त्यो येतो आमच्यात. तुमी इश्रांती घ्या."

"बरं," मेजर म्हणाले. "ओव्हर."

आणि फोन कानाला लावून थांबले. सूरज केव्हाच निघून गेला होता, स्क्रीनवर तसं लिहूनही आलं होतं. मी त्यांना ते दाखवलं तरी ते आणखी थोडा वेळ थांबले.

सूरजचा नंबर माझ्याकडं होता. त्याला चार वाक्यं सांगणं मला काहीच अवघड नव्हतं. दोनदा नंबर काढला. बापलेकांच्या मधे आपण कशाला, असं मनाशी म्हणून ठेवून दिला. तो मनाशी केलेला बहाणा होता. खरं म्हणजे 'पळा' म्हणून खांदा हलवणारा मी होतो, आणि ते सांगायला लागलं असतं. आता सांगून उपयोग नाही असं रोज वाटतं, आणि न सांगितल्याचं रोज टोचतं.

पुढं चार महिन्यांनी मी विट्याचं दुकान बंद केलं. साताऱ्याला मेहुण्याबरोबर मोठा गाळा घेतला. शेवटच्या दिवशी कपाटं टेम्पोत चढवून झाली होती. दोन वाजत होते. मेजर त्यांच्या स्टुलावर बसले होते, कारण ते स्टूल मी सगळ्यांत शेवटी न्यायचं ठेवलं होतं. ते आता अनोळखी पोरांबरोबर खेळायचे, गेमच कुठली तरी तीन पोरं जोडून द्यायची. खेळ आठ मिनिटांचाच.

मी मागं उभा राहिलो. स्क्रीनच्या कडेला ओळखीच्यांची यादी होती. तिच्यात सूरजच्या नावापुढं हिरवा ठिपका होता, आणि खाली बारीक अक्षरात 'खेळत आहे'. मेजरांच्या खेळात मातीत एक पोरगा पडला होता. कुठला होता कोण जाणे, हिंदीत ओरडत होता, "अंकल, छोडो मुझे, भागो! मैं वापस आ जाऊंगा!"

चोवीस वर्षं फौजेत हिंदी बोललेला माणूस, पण मेजर त्याला मराठीत म्हणाले, "हलू नगंस, पोरा. आलो. ओव्हर."

आणि चारी बाजूंनी गोळ्या येत असताना ते उघड्या मैदानातून त्याच्याकडं चालत निघाले.